भिवाला रात्री दोन वाजता कोण उठवायचं?

दरवर्षी 7 नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा होतो. 1900 साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, सुभेदार रामजींच्या मुलाचं नाव दाखल झालं. शाळेच्या रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. शाळकरी वयाची गोष्ट सांगायची असल्यामुळे या लेखात आम्हीही भिवा हेच नाव वापरत आहोत.

विद्यार्थी दिवसाला, 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला आपल्या वस्त्यांमध्ये भाषणं होतात. समोर बसलेल्या आठवी, नववी, दहावीच्या मुलांना सांगितलं जातं की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हीही करा. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यातला एखादा मुलगा लग्नसराईत रात्री केटरिंगच्या कामाला जातो आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतो. एखादी मुलगी पाणी भरून, भाकऱ्या थापून, धाकट्या भावाला अंघोळ घालून मग शाळेत पोहोचते. वस्तीत काम करताना आम्हाला ही मुलं रोज भेटतात. अठरा तासांचं वाक्य ऐकून त्यांना बळ कमी मिळतं आणि अपराधी जास्त वाटतं. आपणच कुठेतरी कमी पडतो, असं त्यांना वाटू लागतं.

म्हणून बाबासाहेबांच्या शाळेच्या वर्षांची गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे. त्यांनी काय निवडलं, काय निवडणं त्यांच्या हातातच नव्हतं आणि त्यांच्या निवडीचं ओझं आणखी कोणी कोणी उचललं, हे तिन्ही सांगितलं पाहिजे.

साताऱ्याचं घर

भिवाचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. रामजी आणि भीमाबाई यांचं हे चौदावं अपत्य. रामजी लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच भीमाबाईंचं निधन झालं. भिवा तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. घर सांभाळायला राहिल्या त्या रामजींच्या बहीण, मीराबाई आत्या.

शाळेत भिवाला इतर मुलांबरोबर बसता येत नव्हतं. तो घरून गोणपाट घेऊन जायचा, वेगळा बसायचा आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी आणायचा, कारण शाळेचा झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. नळाला स्पर्श करायची परवानगी नव्हती. शिपाई असेल तर तो नळ सोडायचा आणि भिवा पाणी प्यायचा. शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. न्हावी केस कापत नसे, म्हणून घरी थोरली बहीण भावांचे केस कापायची. कपडेही बहिणीच धुवायच्या.

पुढे रामजींना खटाव तालुक्यात गोरेगाव इथे दुष्काळी कामावर खजिनदाराची नोकरी मिळाली. ते तिकडे राहायला गेले. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. साताऱ्याच्या घरात उरली चार मुलं: भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. सोबत मीराबाई आत्या. आत्या मायाळू होत्या, पण पायांच्या त्रासामुळे त्यांना कोणाच्या आधाराशिवाय चालणं कठीण होतं. त्यामुळे मुलं शाळेतही जायची आणि स्वयंपाकही करायची. भाकरी काही जमत नसे. मग तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा आणि त्यावर भागवायचं, कारण तेच सर्वांत सोपं होतं.

मुलांनो, हा प्रसंग लक्षात ठेवा. शाळा सांभाळून घरचं काम करणारे तुम्ही पहिले नाही. वयाच्या दहाव्या वर्षी बाबासाहेब चूल सांभाळत होते.

आत्याचा बटवा

आपल्या भाषणांमध्ये न येणारी एक गोष्ट आहे. साताऱ्यात भिवा अभ्यासू मुलगा नव्हता. शाळेकडे त्याचं लक्ष नसायचं. कधी झाडं लावायचं वेड, कधी गुरं-शेळ्या राखायची हौस. याच काळात रामजींनी दुसरं लग्न केलं. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले, तेव्हा भिवा फार दुखावला. बापाच्या जिवावर जगायचं नाही, स्वतः कमवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

साताऱ्यातली काही पोरं मुंबईला जाऊन गिरणीत काम करतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. तोच मार्ग त्याने धरला. अडचण एकच होती, रेल्वेच्या भाड्याची. आत्या आपला बटवा कमरेला खोचून झोपायच्या. भिवा त्यांच्या शेजारी झोपायचा. तीन रात्री त्याने तो बटवा काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चौथ्या रात्री बटवा हाती आला. उघडून पाहतो तर आत फक्त अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही.

त्या चार रात्रींनी त्याला आतून हलवलं. ही लाजिरवाणी वाट आपली नाही, हे त्याला कळलं. उनाडपणा सोडायचा, मन लावून अभ्यास करायचा, भराभर परीक्षा पास व्हायच्या आणि मग आपल्या पायावर उभं राहायचं, असं त्याने ठरवलं. पुढे बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली, लपवून ठेवली नाही.

इथे एक बारीक गोष्ट पाहायला हवी. भिवाचं ध्येय बदललं नाही. स्वावलंबी व्हायचं हे ध्येय आधीही होतं, नंतरही राहिलं. बदलला तो मार्ग. नववीत शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलाची इच्छा बहुतेक वेळा वाईट नसते. त्याला घराला हातभार लावायचा असतो, कोणापुढे हात पसरायचा नसतो. त्याला आळशी म्हणून काही साधत नाही. तुझी इच्छा बरोबर आहे, पण आज मिळणाऱ्या रोजासाठी तू पुढची वाट बंद करतो आहेस, असं त्याच्याशी बसून बोलावं लागतं.

परळची एक खोली

1904 च्या सुमारास रामजी कुटुंबासह मुंबईला आले. परळच्या गिरणगावात डबक चाळीत एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं, तिथेच सामान. भिवा आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला.

एका खोलीत सगळ्यांना एकाच वेळी झोपायला जागा नसायची आणि माणसं जागी असताना अभ्यास होत नसे. रामजींनी यावर तोड काढली. भिवाला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, दोन वाजता भिवाला उठवायचं आणि मग त्याच्या जागेवर आपण झोपायचं. भिवा काच नसलेल्या मिणमिणत्या दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसायचा. त्याच खोलीत जातं होतं आणि शेळीही बांधलेली असायची.

रामजी अभ्यासही करून घ्यायचे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, गणित यांची त्यांनी मुलाकडून कसून तयारी करून घेतली. भिवाला मात्र अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तकं वाचायची ओढ लागली होती. क्रमिक पुस्तकं सोडून तो भलतंच वाचतो, ही रामजींची काळजी होती. तरीही मुलाने पुस्तक मागितलं की ते घराबाहेर पडायचे. आधी धाकट्या मुलीकडे जायचे आणि उसने पैसे मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरल्या मुलीकडे. तिचा एखादा दागिना घ्यायचा, सावकाराकडे गहाण ठेवायचा आणि पुस्तक आणायचं. पेन्शन आली की तो दागिना सोडवून परत द्यायचा.

एवढ्याने भागलं नाही. दोन मुलांचा शाळेचा खर्च घराला झेपेना. तेव्हा थोरल्या आनंदरावांची शाळा थांबली आणि ते कामाला लागले. भिवाची शाळा चालू राहिली.

जे हातात नव्हतं

एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा होती, पण जात तिथेही होती. एकदा शिक्षकांनी भिवाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भिवा फळ्याजवळ पोहोचण्याआधीच मुलं धावत गेली आणि त्यांनी आपापले डबे बाजूला काढले. भर वर्गात हे झालं.

दुसरी भाषा म्हणून भिवाला संस्कृत शिकायची होती. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शाळा तयार नव्हती. नाइलाजाने त्याने फारसी घेतली. इथे त्याच्यापुढे निवड नव्हतीच. पण हाती आलेल्या विषयाचं काय करायचं, हे मात्र त्याच्या हातात होतं. मॅट्रिकला त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले ते फारसीतच. संस्कृतही त्याने सोडलं नाही, मोठेपणी स्वतःच्या कष्टाने ते शिकून घेतलं.

आजही आपल्या मुलांना सगळं निवडता येत नाही. हव्या त्या शाखेची फी परवडत नाही, चांगली शाळा लांब असते, घरात शांत कोपरा नसतो. हा अन्याय आहे आणि त्याच्याशी लढायचं काम मोठ्यांचं आहे. मुलाने त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसतं. फारसी मिळाली तर फारसी पूर्ण ताकदीने शिकायची.

बागेतलं वाचन आणि बुद्धाचं चरित्र

घरी गर्दी, मग वाचायचं कुठे? शाळा सुटल्यावर भिवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यायचे. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि लेखकही होते. रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली, वाचायला पुस्तकं मिळू लागली. केळुसकर गुरुजींची रामजींशीही मैत्री होती.

भिवा इंग्रजी शाळेतली परीक्षा पास झाला, तेव्हा समाजातल्या लोकांनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. रामजी तयार नव्हते. कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती होती. लोक केळुसकरांकडे गेले आणि त्यांनी रामजींचं मन वळवलं. त्या सभेत केळुसकरांनी भिवाला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. हे पुस्तक 1898 साली प्रसिद्ध झालं होतं.

भिवाने ते वाचलं आणि तो भारावून गेला. घरात रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. आता भिवाने वडिलांनाच विचारलं की बुद्धाची ओळख आम्हाला आधी का करून दिली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांसह धम्माकडे नेणारा रस्ता सुरू झाला तो या पुस्तकापासून, असं आपण म्हणतो. ते पुस्तक देणारा माणूस आपल्या जातीचा नव्हता, नातेवाईक नव्हता. बागेत एक मुलगा रोज वाचतो, याची दखल घेण्याएवढं लक्ष त्याच्याकडे होतं.

लग्न, मॅट्रिक आणि त्यानंतर

1906 साली भिवाचं लग्न झालं. तो पंधरा वर्षांचा होता आणि रमाई जेमतेम नऊ वर्षांच्या. भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा बाजार उठल्यावर, उघड्या शेडमध्ये रात्री लग्न लागलं. त्या काळात ही रीत होती. आज मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 वर्षांचा कायदा आहे आणि तो मोडू न देणं ही आपली जबाबदारी आहे. बाबासाहेबांचंही लवकर लग्न झालं होतं, असं म्हणून दहावीतल्या मुलीचं लग्न उरकणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगू: लग्नानंतर भिवाची शाळा चालू राहिली, रमाईंना मात्र शाळा मिळालीच नाही.

1907 साली भिवा मॅट्रिक झाला. 750 पैकी 282 गुण. आजच्या हिशोबाने हे 38 टक्केही होत नाहीत. पण अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणं हीच त्या काळी फार मोठी गोष्ट होती. दहावीचा निकाल लागल्यावर ज्या घरांत रडारड होते, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. एका निकालावरून माणसाची उंची ठरत नाही, पण त्या निकालानंतर शिकणं सुटलं तर पुढची दारं बंद होतात. भिवाचं शिकणं सुटलं नाही.

1908 मध्ये तो एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. पैशाची ओढाताण झाली तेव्हा पुन्हा केळुसकर पुढे आले आणि त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत ही गोष्ट नेली. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकला 282 गुण मिळवणारा हा मुलगा पुढे कोलंबिया विद्यापीठात गेला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून 1923 साली डी.एस्सी. झाला. रामजींनी मात्र यातलं काही पाहिलं नाही. 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांचं निधन झालं.

ओझं कोणी उचललं?

आता सगळा हिशोब एकत्र मांडू. बापाने झोप दिली. बहिणींनी केस कापले, कपडे धुतले, दागिने दिले. भावाची शाळा थांबली. एका शिक्षकाने वेळ दिला, पुस्तक दिलं, शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. समाजाने सत्कार केला. आणि भिवाने आपला निश्चय पाळला. यातलं एकही वजा केलं तर गोष्ट अर्ध्यावर थांबली असती.

आपण मुलांना फक्त शेवटची ओळ सांगतो. आपल्या पोस्टरवर दिव्यापाशी वाचणारा एकटा मुलगा असतो. त्याला उठवायला दोन वाजेपर्यंत जागलेला बाप त्या चित्रात नसतो, दागिना काढून देणारी बहीणही नसते. मग अभ्यास आणि घरची जबाबदारी यांचा तोल सांभाळणं हे चौदा वर्षांच्या मुलाचं एकट्याचं काम होऊन बसतं. समाजशास्त्र शिकताना आम्हाला कळलं आणि वस्तीत काम करताना पटलं की मूल एकटं शिकत नाही, त्याच्यासोबत घर शिकतं, नाहीतर घर अडवतं.

या हिशोबात एक अवघड प्रश्नही आहे. त्या घरात त्याग बहिणींच्या आणि आनंदरावांच्या वाट्याला आला. गरिबीने रामजींपुढे दोन मुलांतून एक निवडायची वेळ आणली. आज आपल्यापुढे तीच वेळ यावी का? भावाच्या क्लाससाठी बहिणीची शाळा सुटत असेल, तर आपण साताऱ्याहून आणि परळहून पुढे आलोच नाही.

हा प्रश्न बाबासाहेबांना नीट कळला होता. म्हणून सार्वजनिक काम सुरू केल्यावर त्यांनी मुलांना नुसता उपदेश केला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 साली स्थापन झाली आणि 1925 च्या जानेवारीत सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली गेली. रामजींनी एका मुलासाठी घरात जे केलं, ते बाबासाहेबांनी हजारो मुलांसाठी संस्थेत करून ठेवलं.

आज काय करायचं?

आठवी ते दहावीच्या मित्रमैत्रिणींनो, भिवाकडून तीन गोष्टी घ्या. चुकीच्या वाटेवर चार पावलं गेली असतील तरी परत फिरता येतं. घरात जागा नसेल तर जागा शोधा: बाग, वाचनालय, विहार, मैत्रिणीचं घर. आणि मदत मागायला लाजू नका. तोल जात असेल तर घरी सांगा, शिक्षकांना सांगा, वस्तीतल्या ताई-दादांना सांगा.

कार्यकर्त्यांनो, आपलं काम यापेक्षा मोठं आहे. आपलं विहार संध्याकाळच्या वंदनेनंतर कुलूपबंद होतं का? परीक्षेच्या तीन महिन्यांत तिथे रात्री दिवा, पंखा आणि एक जागणारा माणूस ठेवता येईल का? नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचा दाखला, वसतिगृहाचे प्रवेश, दहावीनंतरची स्वाधार योजना, या कागदांसाठी प्रत्येक वस्तीत दोन जणांनी जबाबदारी घेतली तर किती घरांची धावपळ वाचेल! पालकांच्या बैठकीत मुलीच्या अभ्यासाचे दोन तास ठरवून घेता येतील का, त्या वेळेत पाणी भावाने भरायचं?

या वर्षी 7 नोव्हेंबरला भाषण करणार असाल तर ते थोडं लहान करा. उरलेल्या वेळात वस्तीतल्या दहावीच्या मुलामुलींची यादी करा आणि प्रत्येक नावासमोर एक प्रश्न लिहा: हिला किंवा ह्याला रात्री दोन वाजता कोण उठवतं? ज्या नावासमोर उत्तर नसेल, तिथे आपल्यापैकी कोणाचं तरी नाव लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!